काच शाबूत

ऑफिसात त्यांना सगळे दुर्बीणबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं, कारण आपल्याला सगळंच ठाऊक असतं असा त्यांचा ठाम समज होता. पुलांच्या तपासणीला जाताना त्यांच्या गळ्यात दुर्बीण असायची, हे त्या नावाचं अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे त्यांचा स्वभाव. शिपायानं न सांगता चहा आणून ठेवला, तर बाई आधी कपाकडे बघायच्या आणि मग शिपायाकडे. कुणी रजा मागितली की 'कुठं जायचंय?' आणि कुणी रजा न घेता रोज कामावर आला की 'घरी काय बिनसलंय?' अशा बाईंच्या हाताखाली काम करणं म्हणजे काय, ते भोगणाऱ्यालाच विचारा!

पण एक सांगायला हवं. पुलांच्या खात्याला असं माणूस लागतंच. जिल्ह्यात लहानमोठे दोनशे चौदा पूल. बहुतेक सगळे आजोबांच्या काळातले, धान्याची गाडी आणि फार तर एखादी बस जाईल एवढ्या बेतानं बांधलेले. आता त्यांच्यावरून भरलेले टँकर जातात, खडीचे डंपर जातात, आणि पूल बिचारे काही न बोलता सोसत राहतात. अकरा पूल आधीच बंद झाले होते. पूल बंद म्हणजे दोन्ही टोकांना मातीनं भरलेली चार पिंपं, एक लाल-पांढरं फाटक, एक पाटी, आणि मग महिनाभर लोकांच्या शिव्या. त्या शिव्या ज्या टेबलावर येऊन पडत, ते टेबल बाईंचं.

आता ज्या पुलाची ही गोष्ट, तो सात कमानींचा दगडी पूल. पलीकडे पाच गावं. त्यातल्या पहिल्याच गावात बाईंच्या थोरल्या बहिणीचं सासर. ताईचे यजमान, म्हणजे दाजी, या पाच गावांतलं दूध गोळा करून टँकरनं शहरातल्या डेअरीत पोचवत. स्वतः चालवत. रोज दोन खेपा. पूल बंद झाला तर वळसा चौतीस किलोमीटरचा, तोही डोंगराच्या अंगानं, आणि दूध काही कुणाची वाट बघत बसत नाही. थोडक्यात, पूल चालू तर ताईचं घर चालू. पूल बंद तर सगळंच बसलं. हे बाईंना ठाऊक होतं, दाजींना ठाऊक होतं, आणि ऑफिसातल्या भिंतींनाही ठाऊक होतं.

या पुलाच्या तिसऱ्या कमानीला तडा होता. तडा असणं हा काही गुन्हा नाही. जुन्या पुलांना तडे असतातच. प्रश्न एवढाच, की तडा झोपलाय की जागा आहे? ते कळायला एक साधी युक्ती आहे. तड्यावर आडवी काचेची पट्टी ठेवायची, तिची दोन्ही टोकं सिमेंटनं दगडाला पक्की करायची आणि वर रंगानं तारीख घालायची. तडा केसभर जरी हलला तरी काच फुटते. नियम सरळ आहे: काच शाबूत तर पूल चालू, काच फुटली तर जड वाहनं त्याच दिवशी बंद. नऊ वर्षांपूर्वी, नोकरीला लागल्या लागल्या, बाईंनीच ही काच बसवून घेतली होती. तेव्हापासून वर्षातून दोनदा त्या काठावर यायच्या, दुर्बिणीतून कमानीच्या पोटाकडे बघायच्या आणि वहीत लिहायच्या, 'काच शाबूत.' खाली सही. अशा अठरा सह्या झाल्या होत्या.

यंदा नदी पार आटली. एरवी कमानीखाली छातीएवढं पाणी असायचं, यंदा नुसती वाळू. बाईंनी शिडी मागवली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या तिसऱ्या कमानीशी नाक नेऊन उभ्या राहिल्या. खाली शिडी धरायला मामा होते.

मामा कुणाचेच मामा नव्हते आणि सगळ्यांचेच होते. या रस्त्याच्या बारा किलोमीटरचे ते मैलकुली. खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी करायची, पुलाच्या कठड्यांना चुना लावायचा, मैलाचे दगड रंगवायचे, हे त्यांचं काम. पुलाच्या गावाकडच्या टोकाला त्यांची हत्यारांची खोली होती. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. अख्ख्या खात्यात बाई ज्याच्यावर कधी शंका घेत नसत, असा हा एकच माणूस. मामांचा मैलाचा दगड कुणी कधी मळलेला पाहिला नाही. वरून कुणी सांगो न सांगो, नेमलेलं काम ते नेमानं करायचे.

बाईंनी पिशवीतून करवतीचं पातं काढलं आणि तड्यात घातलं. नऊ वर्षांपूर्वी तिथं कागद जात नव्हता. आज पातं बोटभर आत गेलं.

आणि काच? काच शाबूत! आजूबाजूच्या दगडावर पाखरांची घाण, कोळ्यांची जाळी, वर्षानुवर्षांची काजळी. आणि मधोमध काच नव्या चष्म्यासारखी लख्ख. तारीख तीच, नऊ वर्षांपूर्वीची. रंग मात्र कालपरवाचा.

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, तिनं आरडाओरडाच सुरू केला. इतका तडा वाढला आणि काच फुटली नाही, असं होऊच शकत नाही. म्हणजे काच फुटते आहे, आणि कुणीतरी गुपचूप दुसरी बसवतंय. कुणाला तरी हा पूल चालूच राहायला हवाय.

"मामा," त्या शिडीवरूनच हळू आवाजात म्हणाल्या, "इथं खाली कुणी येतं का हो?"

मामांनी विचार केला. मामा प्रत्येक प्रश्नाचा विचार करत. "कोणी नाही, बाई. शेळ्या येतात उन्हाच्या."

"माणूस? परका?"

"छे! मी हलतो कुठं इथून? आला तर दिसेल की मला."

बाईंनी पुढचं तोंडातच ठेवलं. ज्या गोष्टीचा छडा लावायचा ती कुणाजवळ बोलून दाखवायची नाही, हा त्यांचा नियम होता. त्या दिवशी त्यांनी हा नियम मोडून सरळ विचारलं असतं, "मामा, काच कोण बदलतं?" तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण सरळ विचारतील तर त्या बाई कसल्या! त्यांनी खिळ्यानं काचेच्या एका कोपऱ्यावर बारीकशी खूण ओढली, खाली उतरल्या आणि मामांना एवढंच म्हणाल्या, "पुलावर लक्ष ठेवा. कुणी संशयास्पद दिसलं तर मला कळवा."

"ठेवतो," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या. साहेब म्हणजे रस्ते आणि पुलांचे जिल्ह्याचे मुख्य. त्यांच्या पाठीमागच्या नकाशावर बंद पुलांच्या जागी अकरा लाल टाचण्या होत्या, आणि बारावी टोचायची म्हटलं की साहेबांना ती स्वतःलाच टोचल्यासारखं व्हायचं.

"काच शाबूत आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"आहे, पण तडा वाढलाय. पातं बोटभर आत जातं."

"आणि काच शाबूत."

"हो, पण..."

"बाई, तुमच्याच अठरा सह्या आहेत त्या वहीत. एक तर त्या खोट्या, नाही तर तुमचं पातं खोटं. मी वर काय कळवू?" साहेब खुर्चीत मागे रेलले. "पाच गावांचा रस्ता आहे. फुटकी काच दाखवा, त्याच मिनिटाला बंद करतो. शाबूत काचेवर पूल बंद केला तर लोक माझं काय करतील?"

बाई बाहेर आल्या त्या मनात यादी करतच. साहेब? त्यांना बारावी टाचणी नकोय. डंपरवाले? त्यांना वळसा नकोय. आणि तिसरं नाव... तिसरं नाव मनात आलं तसं बाईंनी ते झटकून टाकलं. पण शंका ही झटकून जाणारी चीज नाही. रात्री जेवताना, सकाळी दात घासताना, फायलींत मान घालून बसल्यावर, ते नाव पुन्हा पुन्हा समोर येऊन उभं राहायचं. दिवसातून दोनदा या पुलावरून भरलेला टँकर कोण नेतं? पूल बंद झाला तर बुडणार कोण?

सहा दिवसांनी बाई पुन्हा शिडीवर चढल्या. काच शाबूत होती. कोपऱ्यातली खूण नव्हती.

"मामा, कुणी आलं होतं?"

"कोणी नाही, बाई. दिवसभर इथंच होतो मी."

म्हणजे मामांसारख्या माणसाच्याही डोळ्यांत धूळ टाकतोय कुणीतरी! कोण एवढा बेरकी?

काच काही आभाळातून पडत नाही, कुठून तरी कापून आणावी लागते. शहरात काचा कापणारी दुकानं तीन. पहिल्या दोघांनी मान हलवली. तिसऱ्या दुकानात आरशांच्या चौकटींमागे एक हसतमुख माणूस बसला होता. बाईंनी बोटांनी माप दाखवलं मात्र, त्यानं फळीवरून कागदात बांधलेली पुडी काढलीसुद्धा.

"बोटभर रुंद, वीतभर लांब. पुलाच्या पट्ट्या ना? तयारच असतात कापलेल्या."

"कोण नेतं या?"

"टँकरवाले. दूधवाले हो, पुलापलीकडच्या गावचे. डेअरीत दूध घालून परत जाताना थांबतात. मागच्याच आठवड्यात डझनभर नेल्या."

"किती दिवसांपासून नेतायत?"

"मी दुकानात बसायला लागलो तेव्हापासून. झाली की सात-आठ वर्षं."

बाई दुकानाच्या पायरीवर आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. त्यांना राग यायला हवा होता. राग आलाही, पण त्याच्या आधी जुने दिवस आठवले. दाजी! ताईचं लग्न झालं तेव्हा बाई कॉलेजात होत्या. फी भरायच्या रांगेत दाजीच उभे राहिले होते, पहिल्या नोकरीला गावातून टँकरमधून सोडायलाही दाजीच आले होते. आणि हाच माणूस आपल्या नोकरीच्या पाठीत सुरी खुपसतोय? फुटकी काच काढून नवी लावतोय आणि आपण खाली मुकाट सह्या करतोय!

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाई स्कूटर काढून ताईकडे गेल्या. त्या पूल ओलांडताना एरवी खाली बघायच्या. आज बघितलंसुद्धा नाही.

"अगंबाई, आज कशी वाट चुकलीस?" ताईला आनंद झाला. "हात धू, पानं घेतलीच आहेत."

जेवणं निम्मी झाली. दाजी खुशीत होते. कुठल्या गावात दुधाला फेस जास्त येतो, कोण पाणी घालतं आणि वर शपथा खातं, असं काहीबाही सांगत होते. बाईंना त्यातला शब्दन् शब्द नाटकी वाटत होता. शेवटी त्यांनी घास खाली ठेवला.

"दाजी, काचा तुम्ही नेता?"

"कसल्या काचा?"

"पुलाच्या. बोटभर रुंद, वीतभर लांब."

"हां, त्या होय!" दाजी हसले. "नेतो की. मामांना लागतात. मी शहरात जातोच, मग तेवढंच तुमच्या खात्याचं एक काम."

इतकं सरळ उत्तर बाईंनी अपेक्षिलं नव्हतं, आणि सरळ उत्तरावर विश्वास ठेवायची त्यांना सवयच नव्हती. "मामांच्या आड लपू नका," त्या म्हणाल्या. "तो बिचारा साधा माणूस आहे. तुम्हाला पूल चालू राहायला हवाय, म्हणून काच फुटली की तुम्ही दुसरी लावता. नऊ वर्षं लावताय. माझ्याकडून खोटं लिहून घेताय!"

दाजींचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "काय म्हणालीस? पुन्हा बोल."

"म्हणाले ते खरं आहे."

"अगं, ज्या पुलावरून मी स्वतः रोज जातो, तो पडका आहे हे लपवून मला काय मिळणार? मरायला जातो का मी रोज दोनदा?"

"धंद्यापुढं माणसाला काही दिसत नाही."

ताई वाढायला आली होती ती पातेलं हातात धरून तशीच थांबली. "तू माझ्या घरात, माझ्यासमोर यांना चोर म्हणतेस?" ती म्हणाली. "ऊठ. ऊठ तू पानावरून."

बाई उठल्या. पाठीमागे दाजींचा आवाज आला, "थांब म्हणावं तिला. दुपारची खेप घेऊन निघतोच आहे. तू पण चल. मामांच्या तोंडावर विचारू, मग बघू कोण खोटं ते!"

बाई ऐकायला थांबल्या नाहीत. त्यांनाही मामांकडेच जायचं होतं. मामांनी एकदा 'नाही' म्हटलं की संपलं. मग सोमवारी साहेबांपुढे कागद ठेवायचा, बहिणीचा नवरा असो नाही तर आणखी कुणी.

हत्यारांच्या खोलीचं दार उघडं होतं. मामा उकिडवे बसून घमेल्यात थापीनं सिमेंट कालवत होते. बाजूला फडक्यावर एक काचेची पट्टी ठेवली होती. तिच्यावर तारीख रंगवलेली होती, नऊ वर्षांपूर्वीची. रंग अजून ओला होता.

बाई दारातच थांबल्या.

"या बाई," मामा म्हणाले. "आज रविवारच्या? सकाळी गेली बघा पुन्हा. आता बसवून टाकतो."

"मामा... काचा तुम्ही बदलता?"

"मग कोण बदलणार?"

"मी विचारलं होतं तुम्हाला! इथं कुणी येतं का म्हणून!"

"कोणी नाहीच येत. मी कोणी कुठं, बाई? मी तर इथलाच." मामांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. "मैलाचा दगड पुसट झाला की रंगवतो. कठड्याचा चुना गेला की लावतो. काच फुटली की बदलतो, नदीला पाणी असलं तर पाण्यात शिडी लावून."

"आणि तारीख जुनीच?"

"मैलाच्या दगडावरचा आकडा आपण बदलतो का कधी? जो होता तोच पुन्हा काढायचा."

"पण का, मामा? काच बदलायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

मामांनी थापी खाली ठेवली आणि बाईंकडे बघितलं. पहिल्यांदाच त्यांना ह्या बाईंचं काहीतरी बिघडलंय असं वाटलं असावं. "तुम्हीच की! बसवल्यावर सहा महिन्यांनी पहिल्या तपासणीला आलात, तेव्हाचे साहेब होते बरोबर. काच फुटली होती. तुम्ही म्हणालात, शेळ्यांवाल्या कार्ट्यांनी दगड मारला असणार. मी म्हटलं, बाई, पोरं इकडं येत नाहीत. तर माझ्यावर ओरडलात. म्हणालात, मला शिकवू नका, नवी बसवा, आणि परत कधी मला इथं फुटकी काच दिसली तर तुमची खैर नाही. तेव्हापासून एकदाही दिसू दिली नाही मी."

बाईंना आठवलं. लख्ख आठवलं. शेजारी साहेब उभे होते आणि आपण नवख्या नाही हे दाखवायची त्यांना घाई झाली होती. तडा हलला असेल हे मनातसुद्धा आलं नव्हतं. मनात आली ती पोरं आणि त्यांचे दगड. नवी काच बसवून घेतली आणि वहीत लिहून टाकलं, 'काच शाबूत.' शाबूत होतीच की, नुकतीच बसवलेली!

"फुटक्या काचा फेकल्या असतील तुम्ही," त्या कशाबशा म्हणाल्या.

"फेकायच्या कशा? खात्याचं सामान आहे. निवृत्त होताना परत करायला नको?"

मामांनी खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली. आत सुतळीनं बांधलेल्या जुड्या होत्या, एका वर्षाची एक, प्रत्येकीला चिठ्ठी. प्रत्येक पट्टी मधोमध तुटलेली आणि मागे पेन्सिलनं ती कधी तुटली तो दिवस. बाई जमिनीवर बसल्या आणि मोजू लागल्या. पहिल्या वर्षी दोन. दुसऱ्या वर्षी दोन. मग तीन, तीन, चार. मग सहा. मग नऊ. गेल्या वर्षी तेरा. यंदा वर्ष पुरं व्हायचंय आणि एकोणीस. शेवटच्या दोन पट्ट्यांमध्ये दोन दिवसांचं अंतर. तडा जागा होता, नऊ वर्षं जागा होता, आणि आता धावत सुटला होता. ओरडून सांगत होता आणि ह्या दोघांनी मिळून दर वेळी त्याचं तोंड दाबलं होतं.

त्यांनी साहेबांना फोन लावला. "साहेब, फुटक्या काचा मिळाल्या. एकसष्ट आहेत. पूल आत्ताच्या आत्ता बंद करा."

पलीकडे साहेबांचा आवाज बदलला. "एकसष्ट? अहो... फाटक पाठवतो. दोन तास लागतील. तोवर कुणाला जाऊ देऊ नका. पण हे केलं कुणी? त्या मैलकुलीनं परस्पर? तसं असेल तर आजच..."

बाई उत्तर देणार तोच रस्त्यावर भरलेल्या टँकरचा ओळखीचा आवाज आला. फोन तसाच टाकून त्या धावल्या.

टँकर वळणावरून खाली येत होता. रागात असलेला माणूस जसा चालवतो तसा. बाई पुलाच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. हॉर्न वाजला. त्या हलल्या नाहीत. टँकर करकचून थांबला, आतलं दूध डुचमळल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

दाजींनी खिडकीतून डोकं काढलं. शेजारी ताई होती, डोळे सुजलेले.

"बाजूला हो! मामांशी बोलायचंय मला."

"पूल बंद आहे, दाजी."

"बंद?" दाजी हसले, पण ते हसणं ऐकवेना. "तासाभरापूर्वी तू यावरूनच आलीस आमच्याकडे. जेवायला बसलीस तेव्हा चालू होता, भांडून उठलीस आणि बंद झाला? बहिणीच्या घराची पार वाट लावायची ठरवलीच आहेस तर! कागद दाखव. सही-शिक्का दाखव."

"कागद नाही अजून. फाटक येतंय."

"मग हो बाजूला. दूध नासतंय माझं." त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली.

"ताई, तू तरी उतर गं!" बाई ओरडल्या.

ताईनं वरून त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यभर बाईंनी सगळ्या जगाकडे ज्या नजरेनं बघितलं होतं, तीच नजर आता ताईच्या डोळ्यांत होती. "आणि का म्हणून उतरू?" ती म्हणाली. "तुझं आता काय खरं मानायचं?"

टँकर हातभर पुढं सरकला. बाईंच्या पोटाला बंपर लागला तेव्हा त्यांना रडू फुटलं. हात मात्र पसरलेलेच होते.

"चोर सापडला, दाजी! काचा मामांनीच बदलल्या, तुम्ही म्हणालात तसंच. पण सांगितलं मी होतं. फुटकी काच मला दिसता कामा नये, असं मीच सांगितलं होतं. एकसष्ट वेळा फुटली. एकसष्ट! मी एकदाही वर चढून बघितलं नाही. मी चोर आहे, मी!"

मामा खोलीच्या दारात पेटी हातात घेऊन उभे होते. दाजींनी त्यांच्याकडे बघितलं. मामांनी मान हलवली, तेवढीच.

इंजिन बंद झालं. दाजी खाली उतरले, मामांच्या पेटीतली एक जुडी हातात घेऊन बघितली, मागचे दिवस वाचले. मग कठड्यापाशी जाऊन वाकले आणि बराच वेळ तिसऱ्या कमानीकडे बघत राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या आवाजात राग राहिला नव्हता, आणि बाईंना ते रागापेक्षाही सोसवेना.

"नऊ वर्षांत मी कधी खाली वाकून बघितलं नाही," ते म्हणाले. "घरात कुणी विचारलं की मी म्हणायचो, आपल्या पोरीची सही आहे त्यावर, कसली भीती?"

दाजी पुन्हा गाडीत चढले. रस्ता अरुंद होता, टँकर वळवायला जागा नव्हती, मागेच न्यायला लागणार होता. ताई उतरली आणि टँकरच्या मागे जाऊन हातानं खुणा करू लागली, "या, या, अजून या, डावीकडं घ्या." बहिणीकडे तिनं वळून बघितलं नाही. टँकर हळूहळू मागे सरकत वळणाआड गेला आणि चौतीस किलोमीटरच्या वाटेला लागला.

फाटक यायला अजून दीड तास होता. मामांनी आतून स्टूल आणून ठेवलं आणि लाल फडकं घेऊन ते पुलाच्या पलीकडच्या टोकाला गाड्या अडवायला गेले. बाई बसल्या नाहीत. पुलाच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध त्या तशाच उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्वतः सांगू लागल्या, की पूल बंद आहे, आणि तो आजवर चालू राहिला ती चूक त्यांची आहे.